खानेसुमारी

मन्यारगल्लीतली तेवीस घरं
ऊन उतरायच्या आत व्हायला हवी होती.
खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म, हाताला गेरू,
आणि कानात सकाळपासून
स्टाफरूममधले मुंडलिक सर :
"मोजा बाई मोजा. किती वाढलेत,
कळू द्या एकदाचं."

महेताबबीनं चटई टाकली.
"अगे रुमाना, चाय रख. खानेसुमारीवाली आली."
मी म्हटलं, जनगणना.
"तेच की. माझ्या सासऱ्याच्या वेळी
निजामाचा माणूस यायचा.
खाने मोजायचा तो, खाणारे नाही."

घरात माणसं किती?

तिनं बोटं उघडली.
उजवा हात संपला, ती डाव्यावर गेली,
मला वाटलं, निघाला
मुंडलिक सरांचा आकडा.

"मुनीर दम्मामला, एसीच्या कामावर. त्याची बाई बी तिथंच.
जमील शारजाला. त्याचं पोरगं तिथंच झालं,
अजून मांडीवर घेतलं नाही, मोबाईलमधी हसतंय.
शाहीन परभणीला दिलेली.
थोरली नणंद पोलीस ॲक्शनच्या साली कराचीला गेली,
सासूनं जाताना चुडा भरला, तेवढाच सोबत.
दोघं ईदगाच्या मागं, चिंचेखाली."

अम्मा, इथं झोपतं कोण?

एकेक बोट मिटत आली.
दोन राहिली.

चहात आलं जास्त पडलं होतं.
ती सांगत होती तिची मोजणी, मनगटांची :
"माझ्या मायला अकरा. मला चार.
मुनीरला ही एकच पोर.
जमीलची बाई म्हणते, एक बस हो गया अम्मी.
पहिले एका घरात बसले की
दुपार तिथंच जायची बांगड्या भरण्यात.
आता दोन हात भरले की उठते, पेटी बांधते.
आन् तुझ्या घरी काय येगळं है?
तुझ्या मायच्या लग्नात
सात बहिणींचे हात भरले मी. सात!
तुला किती बहिणी?"

मी फॉर्मवरचा रकाना बघत राहिले.

रुमाना सातवीत, माझ्याच वर्गात.
तिनं नकाशा आणला, घडीवर फाटलेला.
"बाई, जगात सगळ्यात जास्त मुसलमान कुठं?"
अरबस्तानावर तिचं बोट आधीच पोचलेलं.
मी ते उचलून उजवीकडं नेलं, लांब,
समुद्र ओलांडून, खाली,
जिथं कुणीतरी पेटी पाडावी
आणि काचा विखराव्यात
तशी बेटं सांडलीत.
हे बघ, हे जावा.

महेताबबी खोकेपर्यंत हसली.
"मला तीन जावा होत्या. एकीसंग बी पटलं नाही."

"आन् हे कंधार!" रुमाना ओरडली,
वर, डोंगरांच्या तपकिरी रंगात.
ते नाही गं, ते दुसरं.
"मग आपलं?"
नकाशा लहान आहे, म्हटलं मी,
आणि शिक्षिकेला शोभणार नाही
अशी खाली बघितलं.

उठताना म्हातारीनं माझा हात धरला,
अंगठ्याच्या बुडाशी हाड दाबलं,
जसं गावातल्या हरेक पोरीचं दाबलं असेल,
जात न विचारता.
"दोन-चार. तुझी माय दोन-सहा होती.
काच घाल कधी. हात बोडका दिसतो."

दाराशेजारी गेरूनं आकडा टाकला.
पुढच्या घराला कुलूप होतं.
त्याच्या पुढच्यालाही.
शेजारीण धुणं पिळत म्हणाली,
ते मस्कतला, ते भिवंडीला,
आन् ते कोपऱ्यातले तुमच्यासारखेच, पुण्याला.
कुलपांवर उन्हाचा तापलेला वास.

संध्याकाळी मुंडलिक सरांचा फोन.
"काय बाई, मन्यारगल्लीत निघाले किती?"

मनगटावर तिच्या अंगठ्याची खूण
अजून लाल होती.

दोन-चार, म्हटलं मी.